वन्स मोअर देऊ नये

शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. वर्धापनदिनाची स्मरणिका निघतेय, प्रत्येकाने 'माझं आवडतं संगीत नाटक' या विषयावर दीडशे शब्द पाठवावेत, सोबत पासपोर्ट साइज फोटो, मजकूर सकारात्मक असावा. खाली हात जोडलेले तीन इमोजी. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या लोकांनी दोन महिन्यांपूर्वी माझ्या आवडत्या नाटकाचं माझ्या डोळ्यांदेखत वाटोळं केलं, तेच आता मला विचारतायत की ते मला का आवडतं. तेही दीडशे शब्दांत, आणि सकारात्मक.

दीडशेत बसणार नाही. पण सांगते.

नाटकाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की लोक 'अय्या, ते होय' म्हणतात आणि आपापल्या आजोबांच्या आठवणी काढत बसतात. गोष्ट तशी पोरकटच आहे. भोळा राजा, कपटी प्रधान, वेषांतर केलेला राजपुत्र, आणि शेवटी सगळं गोड. विनोद शिळे. दुसऱ्या अंकात तर चांगला जागा माणूस डुलक्या घेईल. माझे वडील या नाटकाला ऑर्गनची साथ करायचे, पण तेसुद्धा दुसऱ्या अंकात खिशातून खडीसाखर काढून तोंडात टाकायचे.

बाबा गोदीत कारकून होते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गिरगावातल्या एका हौशी संस्थेत ऑर्गन वाजवायचे. पायाने भाता मारायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, तो ऑर्गन. आई लवकर गेली, घरी मला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून प्रयोगाला मी त्यांच्याबरोबर. रंगमंचाच्या पुढ्यात साथीदार बसतात त्या खड्ड्यात, ऑर्गनच्या बाजूला जमिनीवर बसायचं, गप्प राहायचं. त्यामुळे हे नाटक मी पंचवीसेक वेळा पाहिलं असेल, पण खालून. राजाचे जोडे, प्रधानाच्या धोतराचा सोगा, नायिकेच्या नऊवारीचा काठ आणि तिच्या टाचा. दुसऱ्या बाजूला भात्यावर वरखाली होणारे बाबांचे पाय. एवढंच माझं नाटक.

तिसऱ्या अंकात प्रधान नायिकेला हाकलून देतो आणि ती बंद देवळाच्या दारासमोर येऊन उभी राहते. तिथे तिचं पद आहे. पण पदाच्या आधी काही नाही. बाबा नुसता सूर धरून ठेवायचे आणि ती गप्प उभी असायची. किती वेळ, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिला वाटेल तितका. एखाद्या प्रयोगाला चटकन सुरुवात करायची, एखाद्याला इतकं थांबायची की मागच्या रांगांतली खुर्च्यांची करकरसुद्धा बंद व्हायची. बाबांचा पाय चालत असायचा आणि नजर तिच्यावर. ती गायला लागणार हे मला त्यांच्याही आधी कळायचं, कारण तिची उजवी टाच जमिनीपासून थोडी उचलली जायची. टाच उचलली, की पद.

हे नाटक मला आवडतं ते त्या थांबण्यासाठी. एक माणूस गप्प उभा आहे आणि दुसरा त्याच्यासाठी सूर धरून बसलाय, घाई न करता. घरी बाबा फार बोलायचे नाहीत. आईचं नाव तर नाहीच. पण त्या खड्ड्यात बसून मला वाटायचं की आमच्या घरात जे काही बोलायचं राहून जातं ते इथे चाललंय.

पद संपलं की वन्स मोअर यायचा. यायचाच. मग नायिका नमस्कार करून देवळाच्या दारापाशी परत यायची, बाबा त्याच सुरावर परत यायचे, आणि पुन्हा ते थांबणं. बाबांना सगळ्यांत जास्त आवडायचं ते हेच, दुसऱ्यांदाचं थांबणं. मात्र त्यांनी स्वतः कधी वन्स मोअर दिला नाही. साथीला बसलेल्याने तो द्यायचा नसतो. एकदा मी खड्ड्यातून ओरडले होते, तर घरी आल्यावर चांगलं झापलं होतं.

पुढे संस्था बंद पडली. बाबा रिटायर झाले, आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला आलो. ऑर्गन हॉलमध्ये खिडकीखाली ठेवला. त्यावर हळूहळू रिमोट, विजेची बिलं, प्लास्टिकची फुलदाणी, माझ्या चष्म्याची डबी असं सगळं येत गेलं. मी काशीमीऱ्याच्या एका गोदामात डिस्पॅच बघते, म्हणजे दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते. ऑफिसात सगळे मला टरकून असतात. हे मुद्दाम सांगतेय, पुढे उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी मंडळाने वर्धापनदिनाला हेच नाटक करायचं ठरवलं आणि कार्याध्यक्ष स्वतः पेढे घेऊन घरी आले. "काका, ऑर्गनला तुम्हीच. दुसरं कोण आहे?" बाबा एक्क्याऐंशीचे. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "भाता बघावा लागेल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर ऑर्गनवरचं सगळं सामान जेवणाच्या टेबलावर नीट रचून ठेवलेलं. दादरहून कारागीर बोलावला, भात्याचं कातडं नवीन बसवलं, दोन सूर बसके होते ते ठीक केले. तीन महिने आमच्या मजल्यावरची गुजराती काकी रोज विचारायची, "बेटा, अंकल का शो कब है?"

तालमी केबिन रोडजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. तिथे बाबा साधी हातपेटी घेऊन बसायचे. ऑर्गन प्रयोगाला न्यायचा म्हणून मी ऑफिसचा टेम्पो सांगून ठेवला होता. नायिकेचं काम करणारी मुलगी जवळच्या तारोडी गावची, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. संगीत नाटक तिने कधी पाहिलं नव्हतं. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेली, आवाज असा की पहिल्याच दिवशी तबलजीने मान वर केली. मंडळातल्या दोघींनी नाकं मुरडली, तिचं बोलणं 'शुद्ध' नाही म्हणून. संवाद तिने पंधरा दिवसांत घासूनपुसून घेतले, आणि त्या दोघींच्या तोंडचे 'ण' अजून 'न'च आहेत.

तिसऱ्या अंकाची पहिली तालीम झाली तेव्हा बाबांनी तिला सांगितलं, "इथे मोजायचं नाही, पोरी. तुला गावंसं वाटेल तेव्हा गा. मी आहे."

"कळलं काका," ती म्हणाली. "आमच्या चर्चमंदी पेटीवाली आंटी हाय ना, ती बी अशीच थांबते. श्वास घेऊ देते."

बाबा हसले. मी त्यांना इतकं हसताना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग तिने पद म्हटलं. त्याआधी ती थांबली ते जवळजवळ अर्धा मिनिट. मी तिच्या पायांकडे बघत होते. चपला काढून आलेली, अनवाणी. उजवी टाच उचलली गेली. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या अर्ध्या मिनिटाने घोटाळा झाला. कार्याध्यक्ष मागे मोबाईलवर स्टॉपवॉच लावून उभे होते.

प्रयोगाच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. बाबांना नाही, मला. मी तेव्हा चुकीच्या गेटला ट्रक लावणाऱ्या एका ड्रायव्हरची बिनपाण्याने करत होते. "ताई," ते म्हणाले, "आपण पदं ट्रॅकवर करतोय. रेकॉर्ड केलेलं म्युझिक. परफेक्ट होतं, वेळेत बसतं. हॉल सातला सोडायचाय. काकांना या वयात कशाला त्रास? त्यापेक्षा आपण त्यांचा भव्य सत्कार करू. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा, तुमचं ऐकतील."

ज्या तोंडाने त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, त्याच तोंडाने मी म्हणाले, "बरं, सांगते."

का म्हणाले, याचा मी दोन महिने विचार करतेय. मंडळात चांगले लोक आहेत, आपली माणसं आहेत, भांडण कशाला, असं काहीतरी. आपल्या लोकांसमोर आपण शहाण्यासारखं वागायचं असतं ना. ट्रकवाल्यावर ओरडायला काय लागतं?

बाबांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत पायावर ऊन घेत बसले होते. पूर्ण ऐकून घेतलं. "ट्रॅकवर ते थांबणं कसं करणार?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. "बरं," ते म्हणाले. मग मी टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं. तो फोनही मीच केला.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. साथीदारांच्या खड्ड्यावर फळ्या टाकून हिरवं कार्पेट अंथरलं होतं आणि त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. बाबांना पहिल्या रांगेत, अगदी त्या कुंड्यांसमोर बसवलं. आधी सत्कार झाला. ज्यांनी आपलं आयुष्य संगीत रंगभूमीला वाहिलं वगैरे. सन्मानचिन्हात घड्याळ होतं, तेही बंद. बाबांना दोन शब्द बोला म्हणाले, तर बाबांनी माइककडे बघितलं आणि "प्रयोग चांगला होऊ दे" म्हणून खाली उतरले. खांद्यावर शाल तशीच.

आणि मग ती घोषणा. कार्याध्यक्षांची सून माइकवर आली आणि छापील कागद वाचला. "प्रेक्षकांना नम्र विनंती. आपले मोबाईल बंद ठेवावेत. लहान मुलांना सांभाळावे. तसेच पदे ध्वनिमुद्रित संगीतावर असल्यामुळे कृपया वन्स मोअर देऊ नये."

लोकांनी माना डोलावल्या. एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. संगीत नाटकाला येऊन वन्स मोअर देऊ नये, म्हणजे लग्नाला येऊन जेवू नये. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाजूला वळले, तर बाबा सन्मानचिन्ह मांडीवर उलटं ठेवून त्या कार्पेटकडे बघत होते.

पहिले दोन अंक झाले. पदं ठरल्या वेळी सुरू झाली, ठरल्या वेळी संपली. गाणारे ट्रॅकच्या मागून धावत होते, शाळेची बस चुकेल म्हणून पोरं धावतात तसे. लोक टाळ्या वाजवत होते आणि वन्स मोअर कोणी देत नव्हतं. शिस्तीचे लोक.

तिसऱ्या अंकात ती मुलगी देवळाच्या दारासमोर आली. स्पीकरमधून सूर आला. मी मनात मोजलं, चार. चार आकड्यांत तिला पद उचलावं लागलं. टाच उचलायच्या आत ट्रॅकचा तबला सुरू झाला होता. पण पुढे तिने काय केलं कुणास ठाऊक, अंतऱ्यात तिने ट्रॅककडे लक्ष देणं सोडलं आणि अशी गायली की माझ्या हातावर काटा आला. संगीत कुठेतरी मागे पडलं. शेवटच्या ओळीला बाजूची बाई डोळे पुसत होती.

टाळ्या झाल्या. आणि बाबा उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर ती भगवी शाल, एका हातात सन्मानचिन्ह. आधी हळू म्हणाले, मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वन्स मोअर."

साठ वर्षांत पहिल्यांदा. खड्ड्यात बसलेला माणूस तो देत नाही, आणि आज त्यांना खड्ड्यातून बाहेर काढून शाल देऊन प्रेक्षकांत बसवलं होतं, म्हणून त्यांनी तो दिला. मागे कोणीतरी हसलं. "आजोबा, ट्रॅक आहे," एक जण म्हणाला. पलीकडून कार्याध्यक्षांनी मान वळवली. पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरू झालं होतं, ते अचानक बंद पडलं. साउंडवाल्याने थांबवलं होतं. स्टेजवर ती मुलगी आत जाता जाता थांबली, वळली, देवळाच्या दारापाशी परत आली आणि बाबांकडे बघत उभी राहिली. हॉल पार शांत. तिची टाच उचलली गेली होती. मी ती पाहिली.

मी काय केलं ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मी बाबांच्या शालीचं टोक धरून खाली ओढलं. "बाबा, बसा," मी म्हणाले. "लोक बघतायत."

बाबा लगेच बसले. तिची टाच खाली टेकली. संगीत पुन्हा सुरू झालं आणि प्रधान प्रवेश करता झाला.

प्रयोगानंतर कार्याध्यक्ष भेटले. "काकांनी मजा आणली हं," म्हणाले. मी त्यांना सुनावायला तोंड उघडलं. चार दिवसांचं सगळं साठलेलं, आणि आता भीडही उरली नव्हती. तेवढ्यात ती मुलगी कापसाने तोंडाचा रंग पुसत समोर आली. कार्याध्यक्षांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, काका उभे ऱ्हायले तवा मी परत म्हनणार व्हते," ती म्हणाली. "बिनापेटीचं. आमी चर्चमंदी किती येळा म्हणतो लाइट गेली का. तो साउंडवाला पण थांबला व्हता." मग आवाज न चढवता म्हणाली, "तुमीच त्यांना बसवलं."

कार्याध्यक्षांना काय सुनावणार? ट्रॅक त्यांनी आणला, घोषणा त्यांनी केली. पण त्या मिनिटाला सगळा हॉल थांबला होता, ते मशीनसुद्धा. बाबांना हवं होतं ते फक्त एका माणसामुळे झालं नाही, आणि तो माणूस मी.

बाबा मात्र काही बोलले नाहीत. रुसलेसुद्धा नाहीत. रोज पेपर वाचतात, बातम्या बघतात, भाजीत मीठ कमी असेल तर सांगतात. एकदा चिडले असते तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत रिमोट, बिलं, फुलदाणी, सगळं एकेक करून परत ऑर्गनवर गेलं. यावेळी ठेवणारे तेच होते.

काल रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ती मुलगी. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आली होती, हातात पिशवीत ओले बोंबील. "आईनं दिलेत, काकांसाठी." बाबांना फार आनंद झाला. चहा झाला, तिच्या दवाखान्याच्या गप्पा झाल्या. मग ती सरळच म्हणाली, "काका, पेटी वाजवा ना. ते पद म्हणते मी."

"भाता फाटलाय," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कातडं नवीन, वर्षही झालं नाही. माझे वडील आयुष्यात खोटं बोललेले मला आठवत नाहीत.

"मंग असंच म्हणते," ती म्हणाली आणि टीव्हीपुढे, आमच्या जुन्या सतरंजीवर उभी राहिली. हात पुढे बांधले, गप्प राहिली. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालला होता, तो बंद झाला. खाली रिक्षावाले भांडत होते. ती थांबलीच. मी वेताच्या मोढ्यावर बसले होते, नजर आपोआप खाली गेली. तिच्या टाचेकडे, आणि मग खुर्चीखाली. तिथे बाबांचा उजवा पाय चालला होता. चपलेतच, हळू, वरखाली. तो सूर धरून होता.

ती गायली. दारात गुजराती काकी येऊन उभी राहिली. पद संपलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चार माणसांच्या घरात टाळ्या काय वाजवायच्या?

पण बाबांचा पाय थांबला नव्हता. लहानपणापासून मला माहीत आहे की तो पाय चालू असेल तर सूर सोडलेला नाही. ते वाट बघत होते. स्वतः बोलणार नव्हते. एकदा बोलून बघितलं होतं.

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कार्याध्यक्षांचा, त्या छापील कागदाचा, शालीचा, आणि शाल ओढणाऱ्या माझ्या हाताचा. त्या रागातच मी ओरडले, ट्रकवाल्यांवर ओरडते त्याच आवाजात.

"वन्स मोअर."

काकी दचकली. ती मुलगी हसली आणि सतरंजीवर परत जागेवर जाऊन उभी राहिली. बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, ऑर्गनपाशी गेले आणि त्यावरची फुलदाणी उचलून माझ्या हातात दिली.

"बघू," म्हणाले, "कुठे फाटलाय तो."